मधमाश्यांचे थवे व वसाहतीचे विभाजन

भरभराटीस आलेल्या मधमाश्यांच्या वसाहतीतून जुनी राणी निम्म्या किंवा त्याहून अधिक कामकरी माश्यांसह कायमची बाहेर पडते व अन्यत्र नवे घर करते. मागे राहिलेल्या माश्या नवी राणी वाढवून जुने घर चालवितात. या क्रियेस थवा सुटणे असे म्हणतात. असे घडण्यापूर्वीच पालकाने वसाहतीचे आपल्या हाताने दोन भाग करणे, यास वसाहतीचे विभाजन म्हणतात. थवा सुटणे ही वसाहतीची पुनरुत्पादनाची नैसर्गिक रीत आहे. माशी अंड्यातून निपजते. वसाहत मात्र दुसऱ्या वसाहतीपासूनच उत्पन्न होते. त्यामुळे ही प्रवृत्ती समूळ नाहीशी करण्याचे प्रयत्न फारसे सफल झालेले नाहीत. विभाजन करणारा पालक माश्या जे करणार असतात तेच काही दिवस आधी व आपल्याला सोयीच्या जागी करून घेतो.

महाराष्ट्रात पेटीत पाळली जाणारी देशी माशी म्हणजे सातेरी (शास्त्रीय नाव एपिस सेराना इंडिका). ती झाडांच्या ढोलीत, खडकांच्या कपारीत किंवा जुन्या भिंतींच्या पोकळीत काळोखात अनेक समांतर पोळी बांधते, म्हणूनच तिला चौकटींच्या पेटीत ठेवता येते. आग्या व फुलोरी या माश्या उघड्यावर एकच पोळे बांधतात. त्या पेटीत राहत नाहीत आणि त्यांच्याबाबत विभाजनाचा प्रश्न येत नाही. युरोपीय माशी (एपिस मेलिफेरा) १९६२ मध्ये हिमाचल प्रदेशातील कांग्रा भागात नग्रोटा येथे आणून स्थिर करण्यात आली आणि पुढे उत्तर भारतात तिचा झपाट्याने प्रसार झाला. थव्यांविषयीचे बहुतेक ग्रंथ या युरोपीय माशीला उद्देशून लिहिलेले आहेत. त्यांतील तत्त्वे सातेरीलाही लागू पडतात. पण सातेरी अधिक थवेखोर असून घर सोडण्यासही अधिक तत्पर असते, हे लक्षात न घेता त्या ग्रंथांतील कृती जशाच्या तशा उचलल्यास पेट्या रिकाम्या होतात.

प्रशस्त रानात दहा-वीस पेट्या ठेवणाऱ्याचा एखादा थवा निसटला, तर त्याचे तेवढ्या वसाहतीपुरते नुकसान होते. शहरातील बंगल्याभोवतीच्या बागेत किंवा गावातील परसात एक-दोन पेट्या ठेवणाऱ्याचे तसे नसते. फुलोरा ऐन भरात येण्याच्या सुमारास एका दुपारी त्याची राणी व निम्म्या माश्या जातात, त्या वर्षाचा मध बहुधा हातचा जातो, आणि थवा शेजाऱ्याच्या आंब्यावर, गच्चीतील पाण्याच्या टाकीखाली किंवा सज्जात जाऊन बसतो. थव्यातील माश्या त्या वेळी पोटभर मध प्यालेल्या असतात आणि त्यांना राखण्यासाठी पोळे नसते. म्हणून त्या सहसा डंख करीत नाहीत. ही गोष्ट शेजाऱ्यांना ठाऊक नसते. धूर, पेटते बोळे किंवा कीटकनाशक यांनी थवा मारला जातो व पेटी काढून टाकण्याची मागणी पुढे येते. लहान बागेत मधमाशीपालन टिकणे वा न टिकणे पुष्कळदा या एका गोष्टीवर अवलंबून असते.

कारणे : थवा का सुटतो, याचे एकच एक कारण सांगता येत नाही. राणीच्या जबड्यातील ग्रंथींतून एक द्रव्य स्रवते. राणीची शुश्रूषा करणाऱ्या माश्या ते चाटतात आणि एकमेकींना अन्न भरविताना ते सर्व वसाहतीत पसरते. ते पुरेसे मिळत असेपर्यंत कामकरी माश्या नवी राणी वाढवीत नाहीत. ब्रिटिश कीटकवैज्ञानिक सी. जी. बटलर यांनी १९५४ मध्ये त्याला राणीद्रव्य असे नाव दिले व १९६० च्या सुमारास त्यातील प्रमुख घटकाची रासायनिक ओळख पटली. वसाहतीत माश्यांची दाटी झाली, म्हणजे हे द्रव्य प्रत्येकीच्या वाट्याला कमी येते. राणी वयस्क असल्यास मुळातच ते कमी स्रवते. याच्या जोडीला परागाची विपुलता, अंडी घालण्यास रिकाम्या कोठड्यांचा अभाव आणि संगोपनाच्या वयाच्या पण काम नसलेल्या तरुण माश्यांची गर्दी, एवढ्या गोष्टी जमल्या की थव्याची तयारी सुरू होते. आनुवंशिकतेचा भागही मोठा आहे. काही वसाहती जागा असूनही थवे सोडतात, तर काही दाटी सोसतात. नवी राणी वाढविण्यासाठी नेहमी दुसऱ्या प्रकारची वसाहत निवडावी. प्रत्यक्षात उलटे घडते : थवेखोर वसाहतीत राण्यांच्या कोठड्या आयत्या मिळतात, म्हणून पालक त्याच वापरतो व नकळत थवेखोरपणाचीच पैदास करतो.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आणि कोकणात पावसाळा हा माश्यांच्या टंचाईचा काळ होय. पाऊस ओसरल्यावर रानफुलांच्या परागावर वसाहती वाढू लागतात आणि पुढे हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा यांसारख्या वृक्षांच्या फुलोऱ्यात मध मिळतो. कारवी व तिच्या वर्गातील झुडपे काही वर्षांच्या अंतराने एकदम फुलतात, त्या वर्षी मधाचे उत्पादन पुष्कळ वाढते. मुख्य फुलोऱ्याच्या आधी वसाहत वाढत असते तेव्हाच थवे सुटतात. बागेतील शेवगा, नारळ, लिंबू, तुळस व वेलभाज्या वर्षभर थोडाथोडा पराग पुरवितात. त्यामुळे शहरातील वसाहतींचा ऋतुक्रम रानातल्याइतका ठळक नसतो व थव्याचा काळ केवळ पंचांग पाहून सांगता येत नाही. पेटी उघडून पाहावी लागते.

लक्षणे : पहिले चिन्ह नरांचे असते. पोळ्यांच्या खालच्या भागात मोठ्या कोठड्यांमध्ये नर वाढविले जातात. सातेरीत त्यांवरील टोपण शंकूच्या आकाराचे असून त्याच्या टोकाला सुईने टोचल्यासारखे बारीक छिद्र असते, त्यामुळे नवशिक्यालाही ते ओळखता येते. त्यानंतर पोळ्याच्या खालच्या कडेला पेल्यासारख्या लहान बैठका दिसू लागतात. रिकाम्या बैठका असणे ही सामान्य गोष्ट आहे. त्यांपैकी एखादीत अंडे किंवा पांढऱ्या राजान्नात तरंगणारी अळी दिसली, म्हणजे तयारी सुरू झाली असे समजावे. ही बैठक वाढून भुईमुगाच्या शेंगेसारखी खाली लोंबणारी राणीकोठी होते. थव्याच्या तयारीत अशा कोठ्या अनेक असतात व त्या बहुतेक कडेलाच असतात. पोळ्याच्या मध्यभागी एक-दोनच कोठ्या असल्यास माश्या म्हातारी राणी बदलीत आहेत असा अर्थ होतो आणि त्यांत ढवळाढवळ करू नये. राणी अचानक मेल्यास कामकरी माशीच्या अळीभोवतीच घाईने कोठी बांधली जाते. ती पोळ्याच्या पृष्ठभागावर असते.

या सुमारास राणीला भरविणे कमी होते, तिचे पोट बारीक होते व अंडी घालणे मंदावते. कामकरी माश्यांचे बाहेर जाणेही कमी होते. उन्हाळ्यात संध्याकाळी पेटीच्या तोंडाशी माश्यांचा झुपका लोंबतो, त्याला पुष्कळ जण थव्याचे लक्षण मानतात. तो बहुधा उकाड्यामुळे असतो व पेटीवर सावली केल्यास नाहीसा होतो.

थवा आणि गृहत्याग यांतील भेद येथे स्पष्ट केला पाहिजे, कारण बोलण्यात दोहोंना ‘माश्या उठून गेल्या’ असेच म्हटले जाते. थवा सुबत्तेतून सुटतो. मागे पिलावा (अंडी, अळ्या व कोष), साठा, राणीकोठ्या आणि पुरेशा माश्या राहतात. गृहत्यागात सबंध वसाहत राणीसह निघून जाते व मागे रिकामी पोळी उरतात. अन्नटंचाई, मुंग्यांचा उपद्रव, मेणकिडा, प्रखर ऊन किंवा वारंवार पेटी उघडणे ही त्याची कारणे होत. एकावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही. दुबळ्या, भुकेल्या वसाहतीची ‘थवा सुटू नये’ म्हणून दुभागणी केल्यास दोन्ही भाग निघून जातात आणि दोष माशीच्या चंचलपणाला दिला जातो.

काळाचे गणित : विभाजनातील सर्व निर्णय माशीच्या वाढीच्या दिवसांवर आधारलेले आहेत. राणीचे अंडे तिसऱ्या दिवशी फुटते, सु. आठव्या दिवशी कोठी बंद होते आणि पंधराव्या-सोळाव्या दिवशी राणी बाहेर येते. सातेरीच्या कामकरी माशीस एकोणीस-वीस दिवस व नरास साधारणतः त्याहून तीन-चार दिवस अधिक लागतात. पहिली राणीकोठी बंद होण्याच्या सुमारास, हवा स्वच्छ असेल त्या दिवशी, बहुधा सकाळच्या उत्तरार्धात किंवा दुपारी जुन्या राणीसह पहिला थवा निघतो. आठवड्याभराने नवी राणी बाहेर येते. वसाहत अजून दाट असेल, तर तीही काही माश्या घेऊन निघते आणि मग दुसरा, तिसरा असे लहान थवे सुटतात. सातेरीत हे उत्तरथवेच वसाहतीचा ऱ्हास करतात. सात-आठ दिवसांच्या अंतराने पेटी तपासावी असे सांगतात, त्याचे कारणही हेच आहे : आज अंडे असलेली कोठी आठवड्यात बंद होऊ शकते.

नवी राणी बाहेर आल्यावर पाच-सहा दिवसांनी उडते, हवेत दहाहून अधिक नरांशी संयोग करते आणि त्यानंतर दोन-चार दिवसांत अंडी घालू लागते. म्हणजे राणी नसलेल्या भागात कोवळ्या अळीपासून राणी वाढवावी लागल्यास अंडी पुन्हा दिसेपर्यंत तीन ते चार आठवडे जातात आणि त्या अंड्यांपासून पहिल्या कामकरी माश्या निघण्यास आणखी सु. तीन आठवडे लागतात. विभाजनाच्या वेळी असलेला पिलावा पहिले तीन आठवडे माश्या पुरवितो. पुढचे तीन-चार आठवडे मात्र एकही नवी माशी जन्मत नाही. कामाच्या हंगामात कामकरी माशी पाच-सहा आठवडेच जगते. मूठभर माश्यांचा भाग या खिंडीतून पार पडत नाही. पक्व राणीकोठी असलेले पोळे दिल्यास सु. दहा दिवस वाचतात, म्हणून शक्य तेथे तसेच करावे.

विभाजनाची वेळ : पेटीतील सहा-सात चौकटी दोन्ही बाजूंनी माश्यांनी भरलेल्या असल्याशिवाय विभाजन करू नये. दक्षिण भारतात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रेव्हरंड न्यूटन यांनी सातेरीसाठी प्रचारात आणलेल्या लहान पेटीतही प्रत्येक भागाला निदान तीन पोळी भरतील एवढ्या माश्या मिळाल्या पाहिजेत. बाहेर उडणारे नर दिसू लागलेले असावेत. कोठडीतून निघालेला नर दहा-बारा दिवसांनी प्रजननक्षम होतो आणि नरांविना वाढविलेली राणी केवळ नरांचीच अंडी घालते. पराग येत असावा व पुढील महिनाभर येत राहण्याची शक्यता असावी. पावसाळ्याच्या तोंडावर विभाजन करणे हे वसाहत गमावण्याचे हमखास साधन आहे. अळ्या पिशवीसारख्या होऊन मरत असतील, तर विभाजन मुळीच करू नये. थायी सॅकब्रूड या विषाणुजन्य रोगाने १९९१–९२ पासून दक्षिण भारतातील सातेरीच्या वसाहतींचा फार मोठा संहार केला आणि रोगट पोळे नव्या पेटीत देणे म्हणजे रोग वाटणे होय. रोगाच्या साथीतून तगलेल्या वसाहतींचे विभाजन करणे मात्र फायद्याचे ठरते.

लहान बागेतील अडचण : चारा आणणाऱ्या माशीला आपल्या पेटीपेक्षा पेटीची जागा अधिक पक्की आठवते. पेटी चार-पाच मीटर सरकविली, तरी माश्या जुन्या जागीच परततात. म्हणून पेटी हलवायची झाल्यास एका वेळी हातभर तरी, नाहीतर काही किमी. दूर न्यावी, असा जुना नियम आहे. बागवाल्याजवळ दुसरी दूरची जागा नसते. बागेतच नवी पेटी मांडल्यास तिच्यातील वयस्क माश्या एक-दोन दिवसांत जुन्या पेटीत परत जातात, नव्या पेटीत केवळ तरुण माश्या उरतात, पिलावा थंड पडतो आणि जुन्या पेटीतील दाटी कायम राहते. लहान जागेत वापरायच्या सर्व रीती माशीच्या या स्मरणशक्तीशी जुळवून घेण्याच्या, किंबहुना तिचा उपयोग करून घेण्याच्या रीती आहेत.

शेजारची दुभागणी : ही सर्वांत सोपी रीत असून राणी शोधता येत नसेल, तर हीच वापरावी. मूळ पेटी तिच्या जागेवरून अर्ध्या रुंदीने डावीकडे सरकवावी व तशाच रंगाची रिकामी पेटी उजवीकडे तिला लागून ठेवावी, म्हणजे जुने प्रवेशद्वार होते तो बिंदू दोहोंच्या मध्ये येतो. पिलाव्याची, परागाची व मधाची पोळी त्यांवरील माश्यांसह दोन्ही पेट्यांत सारखी वाटावीत. दोहोंत अंडी व अगदी कोवळ्या अळ्या असणे अत्यावश्यक आहे. परत येणाऱ्या माश्या आपोआप विभागल्या जातात. एका बाजूस गर्दी अधिक होऊ लागल्यास ती पेटी जुन्या बिंदूपासून थोडी दूर सरकवावी. चार दिवसांनी दोन्ही पेट्या तपासाव्यात. अंडे तीन दिवसच अंडे राहते. म्हणून ज्या पेटीत अंडी दिसतील तीत राणी आहे आणि जीत अंडी नसून नव्या राणीकोठ्या सुरू झाल्या आहेत ती राणीविना आहे, हे राणी न पाहताही निश्चित कळते. पुढे दोन्ही पेट्या दर दोन दिवसांनी थोड्याथोड्या अंतराने एकमेकींपासून दूर नेता येतात. नवी राणी उडण्याच्या आठवड्यात मात्र त्या हलवू नयेत.

कृत्रिम थवा : राणीकोठ्या सुरू झालेल्या असल्यास दुभागणी पुरी पडत नाही, कारण राणी असलेल्या भागातही थव्याची ओढ शिल्लक राहते. अशा वेळी नैसर्गिक थव्याचीच रचना उभी करावी लागते. मूळ पेटी उचलून दीड-दोन मीटर बाजूला ठेवावी आणि तिच्या जागी नवी पेटी मांडावी. राणी शोधून ती ज्या पोळ्यावर असेल ते पोळे नव्या पेटीत द्यावे. त्यावर एकही राणीकोठी असता कामा नये. उरलेल्या जागेत रिकामी पोळी किंवा मेणपत्रा लावलेल्या चौकटी द्याव्यात. चारा आणणाऱ्या सर्व माश्या जुन्या जागी, म्हणजे राणीकडे, येऊन मिळतात. येथे राणी, वयस्क माश्या व रिकामे घर एवढेच असते. थव्याची स्थितीही हीच असते आणि माश्या थवा सुटून गेल्याप्रमाणे जोमाने पोळी बांधू लागतात. बाजूच्या जुन्या पेटीत पिलावा, तरुण माश्या आणि राणीकोठ्या राहतात. सात दिवसांनी ही जुनी पेटी उचलून नव्या पेटीच्या दुसऱ्या बाजूस नेतात. मधल्या आठवड्यात बाहेर जाऊ लागलेल्या माश्या आता आपल्या जागी पेटी न सापडल्याने राणीच्या पेटीत शिरतात. नेमकी राणी बाहेर येण्याच्या वेळी जुनी पेटी अशी विरळ झाल्याने उत्तरथवा सुटत नाही. इंग्लंडमधील पॅग्डेन व अमेरिकेतील हेडन या पालकांच्या नावांशी या कृती निगडित आहेत. हे सर्व चार मीटर लांबीच्या जागेत होऊ शकते, हा तिचा बागेच्या दृष्टीने मोठा गुण आहे.

राणी काढून ठेवणे : राणी, पिलाव्याची दोन पोळी, साठ्याचे एक पोळे आणि आणखी दोन पोळ्यांवरच्या झटकलेल्या माश्या लहान पेटीत घालून ती बागेच्या दुसऱ्या टोकाला सावलीत ठेवतात. वयस्क माश्या परत जातील हे गृहीत धरूनच जास्त माश्या घ्यावयाच्या असतात. पेटीच्या तोंडात गवताचा सैल बोळा बसवावा. तो उकरून बाहेर पडणाऱ्या माश्या नव्या जागेची ओळख करून घेतात. पहिले काही दिवस या पेटीत पाणी व पराग आणणाऱ्या माश्या जवळजवळ नसतात, म्हणून साखरेचा पाक देणे जरूर असते. मूळ पेटीतील सर्वांत पुष्ट अशी एकच राणीकोठी राखून बाकीच्या मोडाव्यात. दुसरी ‘राखीव’ म्हणून ठेवण्याचा मोह होतो. उत्तरथवा सुटतो तो त्या दुसऱ्या कोठीमुळे. आठवड्याने पुन्हा पाहून नव्याने बांधलेल्या कोठ्या काढाव्यात. राणीकोठ्या मुळीच नसतील व माश्यांनी घाईने बांधल्या असतील, तर राणी काढल्यापासून तिसऱ्या दिवशीच बंद झालेल्या कोठ्या मोडून टाकाव्यात, कारण त्या वाढत्या वयाच्या अळ्यांवर बांधलेल्या असतात व त्यांतून निकृष्ट राण्या निघतात.

एकाच पेटीत उभे विभाजन करण्याची कृती अमेरिकेतील जी. डब्ल्यू. डेमारी यांनी १८९२ मध्ये प्रसिद्ध केली. तीत राणी खालच्या कक्षात व पिलावा वरच्या टोकाला ठेवून मध्ये राणीरोधक जाळी आणि मधुकक्ष घालतात. तिच्यामुळे पेट्यांची संख्या वाढत नाही. इंग्लंडमधील एल. ई. स्नेलग्रोव्ह यांनी १९३४ मध्ये दारे असलेली फळी वापरून याच दिशेने पुढचे पाऊल टाकले. युरोपीय माशीच्या मोठ्या पेटीत या कृती उत्तम चालतात. सातेरीच्या लहान पेटीत इतके मजले चढविण्याएवढ्या माश्या क्वचितच असतात. तेथे त्यांचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

पुष्कळ पालक केवळ राणीकोठ्या मोडत राहतात. त्याने थवा लांबणीवर पडतो एवढेच. एकही कोठी नजरेतून निसटली की तो सुटतो आणि तोवर राणीचे अंडी घालणे थंडावलेले असल्याने वसाहतही खालावते. प्रवेशद्वाराशी राणी अडविणारी जाळी लावणे हाही चार-सहा दिवसांचाच उपाय आहे. तीतून नर बाहेर जाऊ शकत नाहीत व ते अडकून मरतात, आणि पुढे नव्या राणीचे मीलन होत नाही. राणीचे पंख कातरल्यास थवा तिच्याविना परत येतो, पण राणी गवतात पडून बहुधा नाहीशी होते. आठवड्यानंतर नव्या राणीसह तो जातोच.

विभाजनानंतरची निगा : राणीविना असलेल्या पेटीच्या झाकणावर विभाजनाची तारीख पेन्सिलने लिहून ठेवावी. कोठ्या निवडण्याचा दिवस सोडला, तर त्यानंतर अंडी दिसण्याच्या अपेक्षित दिवसापर्यंत ही पेटी उघडू नये. संयोगासाठी उडालेली राणी परतत असताना पेटी उघडी असल्यास ती चुकते किंवा माश्या तिला वेढून मारतात. लहान बागेत पेट्या जवळजवळ असतात, त्यामुळे परतणारी राणी दुसऱ्याच पेटीत शिरण्याचा धोका मोठा असतो. म्हणून स्थिर झालेल्या पेट्यांची तोंडे निरनिराळ्या दिशांना करावीत व समोर वेगवेगळ्या रंगांची खूण करावी. तारांवर बसणारे वेडे राघू व कोतवाल हे पक्षी उडत्या राण्या टिपतात, याला इलाज नाही. चार आठवड्यांनीही अंडी दिसली नाहीत, तर दुसऱ्या पेटीतील अंड्यांचे एक पोळे देऊन पाहावे. माश्यांनी त्यावर राणीकोठ्या बांधल्या, तर त्यांना राणी नाही हे सिद्ध होते.

दुबळ्या भागाचे प्रवेशद्वार दोन माश्यांपुरते अरुंद करावे आणि पाक नेहमी संध्याकाळी, न सांडता द्यावा. नाहीतर शेजारच्या प्रबळ पेटीतील माश्या लूट करतात व ती सुरू झाली की थांबविणे कठीण जाते. पेटीच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवल्यास मुंग्या चढत नाहीत. ज्या पोळ्यांवर माश्या पुरत नाहीत ती काढून घ्यावीत, कारण मेणकिड्याचा शिरकाव अशाच पोळ्यांतून होतो आणि सातेरीच्या गृहत्यागाचे ते एक नेहमीचे कारण असते. पेटीचे तोंड कुंपणाच्या भिंतीकडे किंवा दाट झुडपांकडे असल्यास माश्यांची ये-जा माणसाच्या डोक्यावरून होते व शेजाऱ्यांच्या वाटेत येत नाही.

विभाजनाने पेट्या वाढतात, आणि लहान बागेला दोन-तीनपेक्षा अधिक वसाहती पोसत नाहीत. वाढलेली वसाहत कांदा-बी, सूर्यफूल यांसारख्या परपरागित पिकांच्या शेतकऱ्यास देता येते. तसे न झाल्यास मुख्य फुलोऱ्याच्या आधी दोन्ही भाग पुन्हा एक करतात. त्यासाठी जुनी राणी काढून टाकावी, त्या पेटीवर टाचणीने भोके पाडलेला वर्तमानपत्राचा कागद पसरावा आणि वर नव्या राणीचा कक्ष ठेवावा. दोन-तीन दिवसांत माश्या कागद कुरतडून टाकतात. तोवर दोहोंचा गंध एक झालेला असल्याने भांडण होत नाही. अशा जोडलेल्या वसाहतीत तरुण राणी व दोन घरांच्या माश्या असतात. ती त्या हंगामात क्वचितच थवा सोडते आणि मधही अधिक देते. त्यामुळे ज्याला वसाहती वाढवावयाच्या नाहीत त्यानेही थव्याच्या काळात विभाजन करून नंतर जोडणी करावी.

एवढे करूनही एखाद्या वर्षी थवा सुटतोच. तो प्रथम जवळच्या फांदीवर झुपक्याने बसतो व त्याच्या पृष्ठभागावर शोधक माश्या नाच करून निरनिराळ्या जागांची दिशा व अंतर इतरांस कळवितात. मार्टिन लिंडाउअर यांनी १९५५ मध्ये दाखविल्याप्रमाणे हळूहळू एकाच जागेसाठीचे नाच उरतात आणि मग थवा तिकडे उडतो. यास काही तासांपासून एक-दोन दिवस लागतात व तेवढाच अवधी पालकाच्या हाती असतो. झुपक्यावर पाण्याचा बारीक फवारा मारून त्याच्यावर वरून टोपली धरावी व खालून हलका धूर दिल्यास माश्या टोपलीत चढतात. संध्याकाळी त्यांना पेटीत घालून तीत दुसऱ्या वसाहतीतील उघड्या अळ्यांचे एक पोळे द्यावे. असे पोळे मिळालेला सातेरीचा थवा सहसा पुन्हा उठत नाही. बागेच्या एका उंच कोपऱ्यात जुन्या मेणाने माखलेली रिकामी पेटी आधीच टांगून ठेवली, तर पुष्कळदा थवा स्वतःच तीत येऊन बसतो.